विश्लेषण : पाऊस पडूनही सुदानमध्ये भूकबळी का? आफ्रिकेतील दुष्काळामागची कारणे काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानमधून दोन बातम्या आल्या. महिन्याच्या पहिल्याच दिवशी उत्तर दारफूरमधील झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केले. महिनाअखेरीस लाल समुद्राच्या किनाऱ्यावरील पोर्ट सुदानजवळचे अरबात धरण अतिवृष्टीमुळे फुटले आणि खालची गावे वाहून गेली. म्हणजे एकाच देशात, एकाच महिन्यात महापूरही होता आणि उपासमारीने होणारे मृत्यूही होते. ‘आफ्रिकेत पाऊस पडत नाही, म्हणून तिथे दुष्काळ पडतो’ हा सर्वसाधारण समज या दोन बातम्यांपुढे टिकत नाही. मग आफ्रिकेतील दुष्काळ नेमके कशामुळे पडतात, याचा हा आढावा.

अवर्षण आणि दुष्काळ यांत फरक काय?

मराठीत आपण दोन्हींसाठी बहुतेक वेळा ‘दुष्काळ’ हा एकच शब्द वापरतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. महाराष्ट्र सरकार एखाद्या तालुक्यात दुष्काळ जाहीर करते तेव्हा पावसाची तूट, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, पिकांची स्थिती हे निकष पाहिले जातात. जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्कमाफी, टँकर अशा उपाययोजना त्यानंतर लागू होतात. हा मुख्यतः पाण्याचा आणि पिकाचा प्रश्न असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आफ्रिकेतील ज्या दुष्काळाविषयी बोलतात, तो माणसांच्या मृत्यूवरून ठरतो. त्यासाठी ‘आयपीसी’ नावाची पाच टप्प्यांची मोजपट्टी वापरली जाते. ती २००४ मध्ये सोमालियात तयार झाली. पाचव्या, म्हणजे अखेरच्या टप्प्यासाठी तीन अटी आहेत. किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई असावी, किमान ३० टक्के बालके तीव्र कुपोषित असावीत आणि दर १० हजार लोकांमागे रोज किमान दोन जणांचा, किंवा पाच वर्षांखालील दर १० हजार मुलांमागे रोज किमान चार मुलांचा मृत्यू होत असावा. निकष इतके कठोर असल्याने दुष्काळ जाहीर होईपर्यंत हजारो जीव गेलेले असतात. आफ्रिकेत या पद्धतीने सोमालिया (२०११), दक्षिण सुदान (२०१७) आणि सुदान (२०२४ पासून) येथे दुष्काळ जाहीर झाला.

या लेखात पावसाच्या तुटीला अवर्षण आणि माणसे भुकेने मरू लागतात त्या अवस्थेला दुष्काळ म्हटले आहे.

आफ्रिकेत पाऊस वारंवार दगा का देतो?

आफ्रिका हा ५४ देशांचा खंड आहे आणि तिथे पावसाची यंत्रणा एकच नाही. सहाराच्या दक्षिणेला मॉरिटानियापासून सुदानपर्यंत पसरलेला साहेलचा पट्टा उन्हाळी मोसमी पावसावर जगतो. १९६८ ते १९७३ या काळात तिथे पडलेले अवर्षण विसाव्या शतकातील सर्वात भीषण अवर्षणांपैकी एक होते. पूर्वेकडे सोमालिया, केनिया आणि इथिओपियाचा दक्षिण भाग येथे मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे पावसाचे दोन हंगाम असतात. झांबिया, झिम्बाब्वे, मलावी या दक्षिणेकडील देशांत नोव्हेंबर ते मार्च असा एकच मोठा हंगाम असतो.

प्रशांत महासागरातील ‘एल निनो’ भारतीय शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. आपल्याकडे तो बहुधा मोसमी पाऊस कमी करतो. दक्षिण आफ्रिका खंडातही तो पाऊस पळवतो. २०२३-२४ च्या एल निनोत झांबिया, मलावी आणि झिम्बाब्वे या तिन्ही देशांना राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. पूर्व आफ्रिकेत मात्र त्याचा परिणाम उलटा असतो. तिथे एल निनोत पूर येतात, तर ‘ला निना’ असताना वर्षअखेरचा पाऊस दडी मारतो. हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग थंड आणि इंडोनेशियाकडचा भाग उबदार झाला की ही तूट आणखी वाढते.

२०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत पूर्व आफ्रिकेत सलग पाच हंगाम कोरडे गेले. त्यामागे लांबलेला ला निना होता, तसेच वाढते तापमानही होते. हवामान बदलाचा वाटा तपासणाऱ्या ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२३ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, तापमानवाढीमुळे अशा अवर्षणाची शक्यता किमान १०० पटींनी वाढली. पाऊस कमी पडला हे खरेच, पण जो पडला त्यातील ओलही वाढलेल्या उष्णतेने अधिक वेगाने उडून गेली.

पाऊस हुकला की माणसे उपाशी का राहतात?

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत लागवडीखालील जमिनीपैकी जेमतेम पाच टक्के जमिनीला सिंचन आहे. बाकी सारी शेती कोरडवाहू. विहीर, कालवा, पीकविमा, बँकेचे कर्ज यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या शेतकऱ्याचा एक हंगाम गेला तर पुढच्या पेरणीचे बियाणेही खाल्ले जाते.

पूर्व आफ्रिकेत आणि साहेलमध्ये मोठी लोकसंख्या पशुपालकांची आहे. उंट, गुरे, शेळ्या-मेंढ्या हीच त्यांची बचत. चारा संपला की सगळेच एकाच वेळी जनावरे बाजारात आणतात. हडकलेल्या जनावराची किंमत कोसळते आणि त्याच आठवड्यात ज्वारी-मक्याचे भाव चढतात. पूर्वी एका शेळीत जेवढे धान्य येत असे, तेवढ्यासाठी आता तीन-चार शेळ्या द्याव्या लागतात. दुष्काळी साली कवडीमोल भावाने बैल विकावा लागलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच मुद्दा मांडला. बंगाल, बांगलादेश, साहेल यांच्याबरोबर त्यांनी इथिओपियातील वोलो प्रांताचा १९७३ मधील दुष्काळही तपासला. त्या वर्षी देशाच्या एकूण धान्य उत्पादनात मोठी घट नव्हती. वोलोतील पिके बुडाली होती, त्यामुळे तिथल्या लोकांकडे धान्य विकत घ्यायला पैसाच उरला नव्हता. मागणी नसल्याने भावही फारसे वाढले नाहीत आणि उपाशी वोलोतून काही धान्य बाहेरच्या बाजारांत गेले. बाजारात धान्य असणे आणि ते घरात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून स्पष्ट झाले.

युद्धाचा वाटा किती?

अलीकडच्या दुष्काळांत तो सर्वात मोठा आहे. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्करप्रमुख अब्देल फताह अल बुरहान यांचे सैन्य आणि मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती यांचे ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ (आरएसएफ) हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध सुरू झाले. सव्वा कोटीच्या आसपास लोक घरे सोडून गेले.

हा देश मुळात कोरडा नाही. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या दुआबात ‘गेझिरा’ हा सुमारे नऊ लाख हेक्टरचा सिंचन प्रकल्प १९२५ पासून आहे. ब्रिटिशांनी तो मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पुरवण्यासाठी उभारला. नंतर तिथे गहू, ज्वारी, भुईमूग पिकू लागला. डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफने हा भाग ताब्यात घेतला. गोदामे, ट्रॅक्टर, बियाणे लुटले गेले, कालव्यांची देखभाल थांबली, शेतकरी पळाले. देशाचे धान्याचे कोठारच युद्धात सापडले.

दारफूरमधील अल फाशर शहराला मे २०२४ पासून आरएसएफचा वेढा होता. दीड वर्ष रसद तुटलेल्या या शहरात लोक शेंगदाण्याची पेंड खाऊन दिवस काढत होते. तेल काढल्यावर उरणारे हे जनावरांचे खाद्य. अखेर तेही मिळेनासे झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर आरएसएफच्या हाती पडले आणि नोव्हेंबरमध्ये अल फाशर व कोर्दोफानमधील कडुगली येथे दुष्काळ असल्याचे आयपीसीने जाहीर केले.

दोष एकाच बाजूचा नाही. चाडमधून दारफूरमध्ये मदत नेण्याचा जवळचा मार्ग अद्रे येथून जातो. शस्त्रे येतात असे कारण देत लष्कराच्या बाजूच्या सरकारने तो फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२४ या काळात बंद ठेवला. एका बाजूने लूट आणि वेढा, दुसऱ्या बाजूने परवानग्यांची अडवणूक. युद्धात उपासमारीचा शस्त्रासारखा वापर करण्याचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१८ मध्येच मंजूर केला आहे. त्यासाठी प्रत्यक्षात कोणालाही शिक्षा झालेली दिसत नाही.

सरकारे दुष्काळ का लपवतात?

दुष्काळ मान्य करणे म्हणजे अपयश मान्य करणे. १९७३ मध्ये वोलोतील भूकबळी सम्राट हेले सेलासी यांच्या प्रशासनाने दडवले. ब्रिटिश पत्रकार जोनाथन डिम्बलबी यांच्या चित्रफितीमुळे ते जगासमोर आले आणि पुढच्याच वर्षी सम्राटांची सत्ता उलथली गेली.

त्यांच्या जागी आलेल्या मेंगित्सू हेले मरियम यांच्या लष्करी राजवटीने तोच कित्ता गिरवला. सप्टेंबर १९८४ मध्ये राजधानी आदिस अबाबात क्रांतीच्या दशकपूर्तीचा थाटमाट सुरू असताना उत्तरेकडील तिग्रे आणि वोलोत माणसे मरत होती. बंडखोरांचा प्रभाव असलेल्या या भागांत सरकारने धान्याची वाहतूक रोखली, बाजारांवर बॉम्बफेक केली आणि लाखो लोकांना सक्तीने दक्षिणेकडे हलवले. मृतांचे अंदाज चार ते दहा लाखांचे आहेत. ‘लाइव्ह एड’ची गाणी आणि हाडांचा सापळा झालेल्या मुलांची छायाचित्रे जगाच्या लक्षात राहिली. त्यामागचे युद्ध मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

सुदानच्या सरकारनेही २०२४ मध्ये दुष्काळाचा निष्कर्ष फेटाळला आणि डिसेंबरमध्ये आयपीसीच्या प्रक्रियेतून अंग काढून घेतले. दुष्काळ जाहीर करायचा तर वजन-मापांची, मृत्यूंची आकडेवारी लागते. रस्ते बंद असले, फोन बंद असले, सर्वेक्षकांना प्रवेश नसला, की आकडे मिळत नाहीत आणि आकडे नाहीत म्हणून दुष्काळही ‘नाही’. २०२०-२२ च्या तिग्रे युद्धात असेच झाले. जून २०२१ मध्ये तिथे साडेतीन लाख लोक पाचव्या टप्प्यात असल्याचा अंदाज होता, पण दुष्काळाची अधिकृत घोषणा कधीच झाली नाही.

सोमालियात २०११ ला काय चुकले, २०२२ ला काय साधले?

सोमालियात १९९१ पासून संपूर्ण देशावर हुकमत चालवणारे सरकार नव्हते. २०१० च्या उत्तरार्धात ला निनाचा आणि अन्नटंचाईचा इशारा मिळाला होता. दक्षिणेवर अल शबाब या दहशतवादी संघटनेचा ताबा होता आणि तिने अनेक मदतसंस्थांना हाकलले होते. दुसरीकडे, मदत दहशतवाद्यांच्या हाती पडली तर आपल्यावरच खटला भरला जाईल, या भीतीने अमेरिकी पैशावर चालणाऱ्या संस्था मागे सरल्या. २० जुलै २०११ रोजी दुष्काळ जाहीर झाल्यावर मदतीचा ओघ सुरू झाला. नंतरच्या अभ्यासानुसार २०१० ते २०१२ या काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे दगावली. त्यातील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती आणि अनेक मृत्यू गोवर, अतिसार, कॉलरा अशा आजारांनी झाले. उपाशी शरीरात प्रतिकारशक्ती उरत नाही, म्हणून दुष्काळात लस आणि स्वच्छ पाणी धान्याइतकेच मोलाचे असते.

२०२०-२२ चे अवर्षण २०११ पेक्षा लांब आणि तीव्र होते. तरीही दुष्काळाची घोषणा करण्याची वेळ आली नाही. इशाऱ्यांवर आधीच हालचाल झाली, मोबाइलवरून कुटुंबांना थेट पैसे पाठवले गेले, परदेशातील सोमाली नातेवाइकांनी मदत धाडली. किंमत मोजावी लागलीच. एकट्या २०२२ मध्ये सुमारे ४३ हजार अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. पाऊस अधिक बिघडला असताना मृत्यू कमी झाले, हे या तुलनेतून दिसते.

बाहेरच्या जगाचा संबंध काय?

सोमालिया ९० टक्क्यांहून अधिक गहू रशिया आणि युक्रेनमधून आणत असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटले आणि इकडे अवर्षणाच्या ऐन भरात भाकरी महागली. भारतही या साखळीत आहे. जगाच्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे आणि बेनिन, सेनेगल, आयव्हरी कोस्ट हे मोठे ग्राहक. जुलै २०२३ मध्ये देशांतर्गत भाव रोखण्यासाठी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात झळ पोहोचली. सप्टेंबर २०२४ मध्ये ही बंदी उठली.

मदतीचा हातही आखडत आहे. १९८४ च्या इथिओपियानंतर अमेरिकेने ‘फ्यूज नेट’ ही पूर्वसूचना यंत्रणा १९८५ मध्ये उभी केली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदत गोठवली आणि ही यंत्रणाच काही महिने बंद पडली. सुदानमध्ये गल्लीबोळांतील तरुण स्वयंसेवक सामुदायिक स्वयंपाकघरे चालवतात. त्यांतील अनेक चुली त्याच महिन्यांत विझल्या. सुदानसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२५ मध्ये मागितलेल्या निधीपैकी निम्माही जमला नाही.

वाढती लोकसंख्या हे कारण नाही का?

जमिनीवरचा, चराईवरचा आणि पाण्यावरचा ताण लोकसंख्येने वाढतो, हे खरे. पण दुष्काळ आणि लोकसंख्या यांचा थेट हिशेब जुळत नाही. १९८४ मध्ये इथिओपियाची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास होती, आज ती १२ कोटींहून अधिक आहे. २०१५-१६ च्या एल निनोत तिथे काही दशकांतील सर्वात वाईट अवर्षण पडले आणि सुमारे एक कोटी लोकांना अन्नमदत लागली. तरीही १९८४ ची पुनरावृत्ती झाली नाही. तेव्हा देशात मोठे युद्ध नव्हते, सरकारने स्वतःची तिजोरी उघडली होती आणि रस्ते खुले होते. चार-पाच वर्षांनी त्याच देशात, तिग्रेत, युद्ध आले आणि भूकबळी परतले.

दुष्काळ टाळता येतो का?

याचे एक उत्तर महाराष्ट्रात आहे. १९७० ते १९७३ या सलग वाईट वर्षांत, विशेषतः १९७२ मध्ये, राज्यातील पिके मोठ्या प्रमाणावर बुडाली. दरडोई धान्य उत्पादन त्या काळच्या साहेलमधील देशांपेक्षाही खाली गेल्याचे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दाखवले आहे. साहेलमध्ये त्या वर्षांत माणसे मोठ्या संख्येने मेली. महाराष्ट्रात हाल अपार झाले, पण तशी मृत्यूची लाट आली नाही. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव अशा कामांवर होते. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली सुकडी आणि मिलो ही त्याच काळातली. हातात मजुरी आल्याने धान्य विकत घेता आले आणि मोर्चे, विधिमंडळ, वृत्तपत्रे यांनी सरकारला गप्प बसू दिले नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा पाया तिथेच पक्का झाला.

आफ्रिकेतही अशी उदाहरणे आहेत. बोट्सवानात १९८२ ते १९८७ अशी सलग अवर्षणाची वर्षे गेली. नियमित निवडणुका होणाऱ्या या देशाने मजुरीची कामे, मुलांना आहार आणि धान्यवाटप वेळेत सुरू केले आणि दुष्काळ पडू दिला नाही. इथिओपियाने २००५ पासून सुमारे ८० लाख लोकांसाठी रोजगार हमीसारखीच कायमस्वरूपी योजना चालवली. पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीच्या बदल्यात धान्य किंवा रोख रक्कम, असे तिचे स्वरूप.

लोकशाही असली की सगळे आपोआप होते, असेही नाही. मलावीत बहुपक्षीय लोकशाही असताना सरकारी राखीव धान्यसाठा जवळपास संपूर्ण विकला गेला आणि २००२ मध्ये भूकबळी गेले. निवडणुकांबरोबर गोदामात धान्य आणि जाब विचारणारी माणसेही असावी लागतात.

पुढे काय?

तापमानवाढ सुरू राहिली तर अवर्षणे आणि पूर दोन्ही वाढतील. त्यात आफ्रिकेचा दोष अत्यल्प आहे, कारण जगाच्या कार्बन उत्सर्जनात या खंडाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे सिंचन, अवर्षणात तग धरणारे बियाणे, पशुविमा यांसाठी श्रीमंत देशांनी पैसा देणे ही जबाबदारीच ठरते.

पण अल फाशर किंवा कडुगलीत पुढच्या महिन्यात कोणते मूल जगेल, हे पावसावर अवलंबून नाही. ते रस्त्यावरची नाकी उघडतात का, ट्रक आत जातात का, युद्धविराम टिकतो का आणि बंद पडलेल्या चुलींना पैसा मिळतो का, यावर ठरणार आहे. हे सारे निर्णय माणसांच्या हातात आहेत आणि ते घेणाऱ्यांची नावे जगाला ठाऊक आहेत.